खाली ठेवलेली पखाल

"खाली ठेव."

एवढंच म्हणाला हेडकारकून. ओरडला नाही. शिवी दिली नाही. पान चघळत, हातातल्या यादीकडे बघत म्हणाला. दारात आलेल्या कुत्र्याला हाकलतानाही माणूस त्याच्याकडे एकदा बघतो. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ठाण्याला तळ्याच्या पलीकडे लष्करी सामानाची कोठी होती. पाच दगडी पायऱ्या, वर ओसरी, ओसरीच्या मागे कचेरीची खोली. मी सगळ्यात खालच्या पायरीशी उभा होतो. दोन्ही हातांवर नवी कोरी पखाल. हेडकारकून वर ओसरीच्या कडेला. त्याच्या मागचं दार सताड उघडं. दारातून मेज दिसत होतं, मेजावर मांडलेले दुसऱ्यांचे नमुने दिसत होते. माझ्या पायांपासून त्या मेजापर्यंत फार तर वीस पावलं.

ती वीस पावलं चालायची म्हणूनच मी कल्याणहून आलो होतो. वाटेत दहादा मनाशी घोकलं होतं, काही झालं तरी पखाल हातातून सोडायची नाही, थेट मेजावर ठेवायची. तो "खाली ठेव" म्हणाला आणि मी वाकलो. पखाल पायरीवर ठेवली. तीन पावलं मागे सरलो. सरताना मान खाली घातली.

कुणी मला ढकललं नाही. कुणी माझा हात धरला नाही. मी माझ्याच हातांनी ठेवली. आज इतकी वर्षं झाली. त्या माणसावरचा राग एखादे वेळी कमी झाला असेल. माझ्या त्या हातांवरचा झालेला नाही.

तेवढ्यात कोठीच्या घंटेवर बाराचे टोले पडले. मुदत संपली. माझी पखाल पायरीवरच होती.

आता हे सगळं काय होतं ते सांगतो.

आम्ही ढोर. मेलेल्या गुराचं कातडं कमवायचं आणि त्याच्या मोटा, पखाली शिवायच्या, हा आमचा धंदा. आमच्या जातीचं नाव आणि गुराचं नाव लोकांनी एकच ठेवलं. वागवतानाही दोघांत फरक केला नाही. चुकलो, केला. गुराला गोठ्यात घेतात. कल्याणच्या बाहेर, खाडीच्या अंगाला आमची दहा-बारा घरं होती. चुन्याची कुंडं, बाभळीच्या सालीचे ढीग, आणि वास. वासामुळे तुम्हांला लांब ठेवतो असं गावातले लोक म्हणत. खोटं बोलत. अंग घासून, धुतलेलं धोतर नेसून गेलो तरी लांबच ठेवत.

आमच्या हातची पखाल मात्र सगळ्यांना हवी. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लोंबणारी पाण्याची कातडी पिशवी, ती पखाल. पलटणीचं तिच्यावाचून पाऊल हलत नसे. काबूलकडे लढाई पेटली होती तेव्हा कल्याणच्या स्टेशनातून घोडी, तोफा आणि गोरे शिपाई भरलेल्या गाड्या रोज घाटाकडे जात. त्यांच्या पखालींचा मक्ता वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे होता. त्यांना सगळे नाना म्हणत. वरच्या जातीचे, गावातलं बडं प्रस्थ. गवत, गोणपाट, दोरखंड, पखाली, जे म्हणाल त्याचा मक्ता नानांचा. पखालीला त्यांनी उभ्या जन्मात बोट लावलं नव्हतं. आम्ही शिवायच्या, आमच्या अंगणात मांडून ठेवायच्या आणि बाजूला व्हायचं. मग नानांचा गडी यायचा, पखालींवर पाणी शिंपडायचा आणि गाडीत भरायचा. पाणी शिंपडलं की पखालीचा विटाळ जायचा. तेच पाणी आमच्यावर शिंपडून बघावं असं कुणाला कधी सुचलं नाही.

माझ्या वडलांना मी आबा म्हणायचो. नानांच्या पखाली शिवता शिवता ते म्हातारे झाले. त्यांची एक खोड होती. पखालीच्या तोंडाशी कातडं आत दुमडतात. त्या दुमडीच्या आत, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं ते तीन टाके आडवे घालायचे. कुणबी कागदावर सहीऐवजी नांगर काढतो, तशी ही आमची निशाणी. आज्यापासून चालत आलेली. मी एकदा विचारलं, कुणाला दिसतच नाही तर घालता कशाला? म्हणाले, "मानसाला न्हाई दिसत. पखालीला ठावं आसतं कुनी शिवली ती."

मी वाचायला शिकलो ते एका म्हाताऱ्या महार हवालदाराकडे. पलटणीतून पेन्शन घेऊन तो कल्याणात येऊन राहिला होता. दुपारी दारात बसायचा आणि जो येईल त्याला अक्षरं शिकवायचा. मी गेलो तेव्हा मला चोवीस वर्षं पुरी झाली होती, घरात बायको आली होती. हातात पाटी घेऊन निघालो की वाडीतलीच माणसं हसायची. हवालदार हसला नाही. त्यानं माझी बोटं धरून गिरवून घेतलं. आयुष्यात वाडीबाहेरच्या माणसानं माझा हात धरला तो पहिल्यांदा.

दोन वर्षांनी एक दिवस कल्याणच्या मामलेदार कचेरीच्या भिंतीवर नोटीस लागली. पखालींचं टेंडर. भिंतीजवळ जायची आम्हांला सोय नव्हती. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून, डोळे ताणून मी ती वाचली. दोन दिवस लागले. मग हवालदार पलटणीचा बिल्ला लावून गेला आणि नक्कल करून घेऊन आला. वर लिहिलं होतं, "जो कोणी माल पुरवू इच्छीत असेल त्याने." त्या 'जो कोणी'वर मी बोट ठेवून बसलो.

"हवालदार, जो कोनी म्हंजे आपुन बी?"

"जात लिहिलेली नाही," तो म्हणाला. "जे लिहिलेलं नाही, ती शर्त नाही."

चौदा शर्ती होत्या. सगळ्या पाठ झाल्या. सहावी तर झोपेतून उठवून विचारली असती तरी म्हणून दाखवली असती. "नमुना मुदतीच्या आत कचेरीत मेजावर दाखल करावा. तसे न केल्यास टेंडर शर्तींना धरून नाही असे समजून त्याचा विचार होणार नाही." चौदावी होती ती अशी, की रद्द झालेला नमुना तिथेच फाडावा, म्हणजे तो पुन्हा कुणी आणणार नाही. त्या चौदावीकडे मी नीट लक्ष दिलं नाही. आपला नमुना रद्द कशाला होतोय, असं वाटायचं. आबांच्या हातची पखाल कधी गळली नव्हती, आणि मधला मक्तेदार नसल्यामुळे माझा भाव नानांपेक्षा कमी बसत होता.

आबा घाबरले. "नानांस्नी काय वाटंल?" हे एकच चार दिवस म्हणत राहिले. माझी बायको चुलीपुढून म्हणाली, "नानांस्नी काय वाटायचं ते वाटू द्या. कागदावर आपलं नाव लागंल का न्हाई, तेवढं सांगा." मी म्हटलं, लागेल. मक्ता आपला, नाव आपलं. वाडीतल्या सगळ्या घरांनी शिवायच्या आणि आपल्या नावानं पलटणीला द्यायच्या. अंगणात मांडून बाजूला व्हायचं नाही.  दुसऱ्या दिवशी आबांनी उठून म्हशीचं चांगलंसं कातडं निवडून कुंडात टाकलं.

दोन महिने त्या एका पखालीवर गेले. शेवटी पाणी भरून ती आढ्याला टांगली. खाली कोरडी राख पसरली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत राखेवर एक थेंब पडला नाही. तेव्हा आबांनी तोंडाची दुमड उलगडली, आतले तीन टाके मला दाखवले आणि पुन्हा मिटली. भावाचा लखोटा आम्ही टपालानं पाठवला. तो बिनबोभाट पेटीत जाऊन पडला. लखोट्याला हात-पाय नसतात, म्हणून बरं.

आणि मी, हात-पाय असलेला, पखाल घेऊन त्या पायरीशी जाऊन उभा राहिलो आणि दोन शब्दांवर वाकलो. शर्त पाठ होती. पण माझ्या हातांना दुसरंच काही पाठ होतं. वाण्याच्या दुकानात वस्तू खाली ठेवायची आणि मागे व्हायचं. पाटलाच्या दारात खाली ठेवायची आणि मागे व्हायचं. चालायला लागल्यापासून हेच. चौदा शर्ती डोक्यात होत्या, ही एक अंगात होती. आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती.

टोले पडले तसा हेडकारकून ओसरीवरून यादी वाचू लागला. नानांचं नाव आलं. "नमुना दाखल. शर्तींना धरून आहे." माझं नाव आलं. "नमुना मेजावर दाखल नाही. शर्तींना धरून नाही. रद्द."

मला वाटलं, चुकून वाचलं. "रावसाहेब," मी म्हटलं, "नमुना ह्यो काय हितं हाय. पायरीवर."

"पायरी म्हणजे मेज का रे?"

ओसरीवरचे चार-पाच मक्तेदार हसले.

"तुम्हीच म्हनालात, खाली ठेव."

"मी सतरा गोष्टी म्हणेन. तुला वाचता येतं ना म्हणे? मग सहावी शर्त वाचली नाहीस?" मग तो ओसरीवरच्या लोकांकडे वळला. "ढोर शिकलं, तर असं शिकलं."

आता मात्र सगळे मोकळेपणी हसले. अंगणात चिंचेखाली आबा उकिडवे बसले होते. त्या दिवसासाठी डोक्याला नवा पटका बांधला होता. नाना हसले नाहीत. ओसरीवरूनच आबांना म्हणाले, "म्हाताऱ्या, तुझ्या लेकाला अक्षरं अंमळ जास्तच झाली." आणि आबांनी हात जोडले. मला ते दिसलं. मला तेव्हा आबांची लाज वाटली, आणि लाज वाटली याचा त्याहून संताप आला.

हवालदारानं अर्ज लिहिला. कचेरीच्या माणसानंच नमुना खाली ठेवायला सांगितला, सबब टेंडर शर्तींना धरून आहे असं समजावं. चार दिवसांनी कोठीच्या गोऱ्या साहेबानं सुनावणी ठेवली.

साहेब नवा होता. ओसरीवर खुर्ची टाकून बसला. एका बाजूला हेडकारकून, दुसऱ्या बाजूला नाना. मी अंगणात, उन्हात. आबा त्याच चिंचेखाली. माझी पखाल चार दिवस त्याच पायरीवर पडून होती. कुणी तिला शिवलं नव्हतं. चैत्राचं ऊन खाऊन ती एका अंगानं कडक झाली होती. पायरी चढणारे तिला वळसा घालून चढत होते.

साहेब मोडकं हिंदुस्थानी बोलायचा. "नमूना नीचे किसने रखा?"

"म्या ठेवला, साहेब."

"क्यूं?"

"हेडकारकून म्हनाले, खाली ठेव."

हेडकारकून आधी साहेबाशी इंग्रजीत बोलला. मग मला कळावं म्हणून मराठीत. "मी ह्याला आत येऊ नको म्हणालो का, विचारा साहेब. दार उघडं होतं. पट्टेवाल्यानं अडवलं का, विचारा. ह्यानं ठेवली आणि हाच मागे सरला. ही ह्यांची रीत आहे. ह्यांच्या रीतीला मी काय करणार?"

आमची रीत! ज्यांनी हजार ठिकाणी वाकायला लावलं तेच म्हणत होते, ह्यांना वाकायची सवय आहे. 

"रोका किसीने?" साहेबानं विचारलं.

मी आठवून बघितलं. खरंच कुणी अडवलं नव्हतं. आत येऊ नको, असं कुणी म्हणालं नव्हतं. तसं म्हणावंच लागत नाही, हे साहेबाला कसं सांगू? उभा जन्म सांगावा लागला असता. तो ऐकायला साहेबाला सवड नव्हती.

"न्हाई," मी म्हटलं.

हेडकारकुनानं ते लिहून घेतलं. माझंच उत्तर, माझ्याच विरुद्ध.

तेव्हा मी शेवटचं बोललो. "साहेब, नानांच्या पखालीचं तोंड उलटून बघा. आत तीन आडवे टाके असतील. मग माझी बघा. दोन्ही पखाली एकाच मानसानं शिवल्यात. तो मानूस त्या चिंचंखाली बसलाय."

चिंचेखाली आबांनी तोंडावर पटक्याचं टोक ओढलं. साहेब उठला. त्याला विटाळ नव्हता. नानांचा नमुना मागवून त्यानं स्वतः बोटं घालून दुमड उलटली. मग पायऱ्या उतरून माझ्या पखालीशी वाकला. तिचीही उलटली. तीन टाके. तीन टाके. जन्मभर लपवून ठेवलेली आबांची निशाणी भर दुपारी सगळ्यांनी बघितली.

साहेबानं नानांकडे बघितलं. नाना शांतपणे म्हणाले, "मक्तेदार मी. शिवणारे हजार असतात."

साहेबानं वाकून पुन्हा एकदा टाके बघितले. तेवढा वेळ मला खरंच वाटलं की आता न्याय होणार. त्याचीही आज मला चीड येते. मग साहेबानं रुमालाला बोटं पुसली आणि म्हणाला, "किसने सिया, यह शर्त में नहीं लिखा."

जे लिहिलेलं नाही, ती शर्त नाही. माझाच आधार होता तो.

टेंडर रद्दच राहिलं. हेडकारकुनानं कागद उलटला. "साहेब, चौदावी शर्त. नमुना फाडायचा आहे."

साहेबानं मान हलवली. पट्टेवाला पुढं आला आणि पखालीपासून हातभर अंतरावर थांबला. ढोराच्या हातची, पाणी न शिंपडलेली. तो हेडकारकुनाकडे बघू लागला. हेडकारकून मला म्हणाला, "तुझ्या कमरेला रापी आहे ना? फाड."

रापी म्हणजे आमची कातडं कापायची सुरी. ती कमरेला होती. हात तिच्याकडे गेलासुद्धा. पुन्हा तेच. कान ऐकतात आणि हात निघतात. या वेळी मला ते दिसलं. माझा हात माझ्या हुकमाशिवाय चालला होता. मी तो मध्येच थांबवला.

"न्हाई," मी म्हटलं.

"काय?"

"शर्त तुमची हाय. तुम्ही फाडा."

 हेडकारकून पट्टेवाल्याकडे बघतो, पट्टेवाला नानांच्या गड्याकडे, गडी दुसरीकडे. चाळीस बोटं होती तिथं, आणि पखालीला लागायला एक तयार नव्हतं. पाणी शिंपडावं, तर साहेबापुढं विटाळ कबूल झाला असता. त्यांच्या विटाळानं पहिल्यांदा त्यांचीच पंचाईत केली होती. मी हसलो. खरंच हसलो. साहेबाला माझं हसू दिसलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. "जेल भेजूंगा!" तो ओरडला. "फाडो!"

मी हात पाठीमागे बांधले.

आणि आबा उठले.

धावतच आले. साहेबापुढं, हेडकारकुनापुढं, नानांपुढं, त्या पट्टेवाल्यापुढंसुद्धा त्यांनी हात जोडले. "लेकराला सोडा. येडं हाय. म्या फाडतो." मी "आबा, नको" म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःची रापी काढली होती. गुडघे टेकून बसले आणि तोंडापासून तळापर्यंत एका दमात पखाल फाडली. कुठं चांगलं फाटतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दोन महिने शिवलेली, आढ्याला टांगून राखेवर पारखलेली.  फाडून झाल्यावर रापी धोतराला पुसून कमरेला खोवली.

"उचलून ने ती," हेडकारकून म्हणाला. "पायरीवर ठेवून जाऊ नकोस."

यावरही हसले लोक.

फाटकापाशी नानांनी आम्हांला थांबवलं. आवाज गोड. झालं गेलं विसरा म्हणाले. "सोमवारी माणसं घेऊन या. कातडी द्यायची आहेत. पखाली वेळेत हव्यात."

"व्हय, मालक," आबा म्हणाले.

"म्या शिवनार न्हाई," मी म्हटलं.

"मग खाशील काय?"

"ते माझं म्या बघीन. तुमच्या नावाची पखाल माझ्या हातून व्हनार न्हाई."

नाना आबांकडे बघून हसले. त्यांना ठाऊक होतं, एक गेला तरी अकरा घरं आहेत. आणि ते खरंच होतं. सोमवारी अकरा घरांची माणसं गेली. त्यांच्याबरोबर आबाही गेले.

घरी मी आबांना विचारलं, का फाडलीत? ते म्हणाले, "पखाल फिरून शिवता येती. तुला जेलात घातला आसता तर काय शिवलं आसतं म्या?"   पण माफ केलं नाही मी त्यांना. बापानं लेकाला वाचवलं हे खरं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आवरलेला हात बापानंच माझ्या जागी चालवला हेही खरं. दोन्ही मला एकदमच आठवतं.

त्या दिवसापासून आबांनी आतले तीन टाके घालणं सोडलं. मी एकदा नानांसाठी शिवलेली त्यांची पखाल उलटून बघितली. दुमडीत काही नव्हतं. "आता कशापायी?" म्हणाले, आणि शिवणीची कातडी वादी ओढत राहिले. नानांनी त्यांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तेही सांगावं लागलं नाही.

माझी बायको मिठागरात मजुरीला जाऊ लागली. मी कुणब्यांच्या मोटा शिवल्या, जोडे सांधले, कधी तेही नाही मिळालं. त्यातून वेळ काढून ती फाडलेली पखाल मी सांधली. तोंडापासून तळापर्यंत. सांधा बोटभर जाड आला, लपणारा नव्हताच. मी लपवलाही नाही. आणि तीन आडवे टाके घातले ते बाहेरून, तोंडाच्या बरोबर खाली, कुणालाही दिसतील असे. पाणी भरून टांगली. राख कोरडी राहिली.

पुढच्या सालचं टेंडर निघालं. मी लखोटा पाठवला. मुदतीच्या दिवशी बारा वाजायच्या बऱ्याच आधी गेलो. पहिल्या पायरीशी थांबलो नाही. एक चढलो. दोन.  पाचही चढून ओसरीवर गेलो. हेडकारकून धावत दारात येऊन आडवा उभा राहिला. मला ढकलायचं तर शिवावं लागलं असतं. तो नुसताच उभा राहिला.

"खाली ठेव," तो म्हणाला. या वेळी माझ्याकडे बघून म्हणाला.

"न्हाई. हातातून घ्या. न्हाई तर बाजूला व्हा, म्या मेजावर ठेवतो."

तो हलला नाही. मीही हललो नाही. हातांवर पखाल. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली. मागून कुणी तरी शिव्या देत होतं. बाराचे टोले पडायला लागले, बारा पडून थांबले. पखाल माझ्या हातांवरच होती.

त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि यादी उघडली.

"रावसाहेब," मी म्हटलं, "लिहा. दार अडवलं म्हनून लिहा. ढोराच्या हातून नमुना घेतला न्हाई, असं लिहा."

"मला शिकवतोस?" म्हणत त्यानं लिहिलं. वाचूनही दाखवलं. "नमुना दाखल नाही. शर्तींना धरून नाही." मग म्हणाला, "आता फाड तो."

"दाखल झालाच न्हाई, तर रद्द नमुना कसला? चौदावी शर्त वाचा," मी म्हटलं आणि पाच पायऱ्या उतरलो. पखाल सबंध घरी नेली.

मक्ता नानांनाच मिळाला. त्यानंतरही त्यांनाच, मग त्यांच्या मुलाला. तो हेडकारकून गेला, दुसरा आला, तिसरा आला. शब्द तेच. "शर्तींना धरून नाही." दर साली मी जातो. दर साली पखाल घेऊन दारात उभा राहतो, आणि दर साली ते खरं कारण सोडून बाकी सगळं लिहितात. त्यांच्या कागदांत ढोराला कुणी अडवल्याची कुठंच नोंद नाही. शंभर वर्षांनी कुणी ती दफ्तरं उघडली तर त्याला वाटेल, एक आडमुठा माणूस होता, त्याला नमुना मेजावर ठेवणंसुद्धा जमत नव्हतं.

आबा गेले. त्यांच्या शेवटच्या कितीतरी पखाली बिननिशाणीच्या कुठं कुठं पाणी वाहत फिरल्या असतील.

यंदाची नोटीस लागली आहे. शर्ती चौदाच्या अठरा झाल्या आहेत. मी सगळ्या वाचल्या. जात अजून कुठंच लिहिलेली नाही. मुदतीच्या दिवशी मी जाणार. घ्यायची असेल तर माझ्या हातातून घ्या. घ्यायची नसेल तर का घेत नाही ते तुमच्या हातानं, तुमच्या शाईनं, त्या यादीत लिहा. ते लिहिलं जाईपर्यंत मी दारातून हटणार नाही. आणि पखाल खाली ठेवणार नाही.